काकूंचा खाडा

माझं शिक्षण कोणामुळे झालं असं कोणी विचारलं की मी मेसच्या काकूंचं नाव घेतो. नाव म्हणजे एवढंच, काकू. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस होती आणि तिथे जेवणारे आम्ही सगळे मेंबर त्यांना काकूच म्हणायचो. त्या माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडील यंत्रमागावर कामाला होते, ते मी बारावीत असताना गेले. फी माफ झाली, होस्टेलची खोलीही मिळाली, पण दोन वेळच्या जेवणाचं काय करायचं हे घरात कोणाला सुचत नव्हतं. मोठा भाऊ मला घेऊन काकूंच्या दारात उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आतच काकूंनी मला विचारलं, "सायकल येते का?"

"येते."

"मग रोज सकाळी भाजी आणायची. दोन्ही वेळ वाढायला उभं राहायचं. सगळे उठले की तू जेवायचं. पैशाचं नाव काढायचं नाही, तू पण नाही आणि मी पण नाही. जमतंय का बघ."

जमलं. आयुष्यातला पहिला पगार मी असा ताटात घेतला, आणि तो चार वर्षं घेतला. काकू तोंडाने कडक होत्या. दोडके जून निघाले की म्हणायच्या, "हे तू खा आता. पोरांना नाही घालणार मी." आणि ते दोडके खरंच माझ्या ताटात यायचे. पण परीक्षेच्या दिवसांत माझी भाजी आणायची पाळी त्या न बोलता स्वतः उरकून टाकायच्या.

त्या मेसमध्ये मला एकाच गोष्टीचा हेवा वाटायचा, खाड्याचा. ज्यांनी मेसमध्ये दिवस काढलेत त्यांना खाडा माहीत असतो. मेंबर गावी जाणार असेल तर त्याने आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे तेवढ्या जेवणांचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. परत आला की ताट पुन्हा सुरू. शनिवार आला की पोरं दारातूनच ओरडायची, "काकू, माझा खाडा धरा." सोमवारी आईच्या हातचा चिवडा, लाडू घेऊन यायची. मी पैसेच देत नव्हतो, त्यामुळे मला खाडा नव्हता. भाजी रोज लागते. मी गणपतीत, दिवाळीच्या आदल्या दिवशीही तिथेच असायचो, आणि खाडा घेणाऱ्या पोरांकडे बघत वाढत असायचो. पुढे काय झालं ते समजायला एवढं लक्षात ठेवावं लागेल.

शिष्यवृत्तीवर मी पुढच्या शिक्षणासाठी हॅनोव्हरला गेलो तेव्हा निघताना काकूंनी विचारलं, "तिकडं मेस असते का?"

असते, हे मला पोहोचल्यावर कळलं. विद्यापीठाची मेन्सा. दुपारी हजारो पोरं ट्रे घेऊन रांगेत उभी असतात आणि काचेपलीकडच्या बायका डाव भरून वाढत असतात. हे मी काकूंना फोनवर सांगितलं. फोनवर त्यांचा जीव अर्ध्या मिनिटात कासावीस व्हायचा, "मीटर पडतंय, ठेव आता" म्हणायच्या. त्या दिवशी मात्र ठेवला नाही. म्हणाल्या, "हजार? आणि गरम वाढतात? कसं काय रे जमवतात? एकदा बघायला पाहिजे."

बाकी जर्मनीबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पण दर फोनला ती मेन्सा यायची.

नोकरी मला ब्योब्लिंगेनला लागली. शेजारच्या झिंडेलफिंगेनमध्ये गाड्यांचा मोठा कारखाना आहे. त्याला लागणारे वेल्डिंगचे साचे डिझाइन करणारं आमचं छोटं ऑफिस होतं, जेमतेम डझनभर माणसांचं. मालक स्वतः ड्रॉइंग तपासायचा आणि त्याची बायको पगाराचं सगळं बघायची. तिला आम्ही शेफिन म्हणायचो, म्हणजे मालकीणबाई. माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याचा एक जण होता. माझ्याच वयाचा, माझ्याच पगारावर. फरक एवढाच की त्याचे आजोबा प्राध्यापक होते, त्याने जर्मन पुण्यातच शिकून घेतलं होतं आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गावातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या नोकरीला होत्या. माझी बायको नुकतीच आली होती आणि जर्मनच्या वर्गाला जात होती.

पुढे एका वर्षी कारखान्याकडून येणारं काम आटलं. एका शुक्रवारी मालकाने ब्रेत्सेल, म्हणजे इथले वळलेले खारे पाव, मागवले, सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं, "यंदा पगारवाढ नाही. मी तुम्हाला शंभर युरो वाढवून दिले तर मला वीस-एकवीस वरून भरावे लागतात, आणि तुमच्या हातात पडतात पन्नास. मधले कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. मला कोणाला काढायचंही नाही. आल्झो, तर मग दुसरा रस्ता बघू."

दुसरा रस्ता म्हणजे पगारातला काही भाग रोख न घेता वेगळ्या रूपात घ्यायचा. तो ब्रुटोतून, म्हणजे कापाकापी होण्याआधीच्या पगारातून, अगोदरच बाजूला काढायचा; सगळं कापून हातात पडतो तो नेटो. तो पेन्शनच्या विम्यात टाकला की त्यावर कर लगेच नाही, आणि त्यावर मालकाला भरावा लागणारा सामाजिक विम्याचा हिस्सा वाचतो. तशीच जेवणाची कुपनं. आणि ज्याला हवी त्याला डीन्स्टवागेन, म्हणजे कंपनीच्या नावाची गाडी, घरी वापरायलाही. शेफिनने फळ्यावर आकडे मांडून दाखवले. छोट्या ऑफिसला एवढाही आधार पुष्कळ होता.

मला ते फळ्यावरचे आकडे बघायच्या आधीच समजलं. मनात म्हटलं, हा तर खाडा. आधी सांगायचं, बिल कमी करून घ्यायचं, आणि नको असेल तेव्हा ताट पुन्हा सुरू करायचं. शेवटचा भाग तिथे कोणी बोललं नव्हतं. तो मी माझ्याच गावाहून आणला होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा मलाही खाडा मिळतोय या आनंदात मी कुपनांवर आणि पेन्शनवर सही करून टाकली.

पुण्याच्या मित्राने तिन्ही घेतलं. महिन्याभरात त्याची रुपेरी गाडी ऑफिससमोर उभी राहिली. लांब, मागे सामानाला जागा असलेली. तो रोज खिडकीतून तिच्याकडे एकदा बघायचा आणि मी दोनदा.

"तू पण घे ना," तो म्हणायचा. "नेटो काय बघत बसतोस, लाइटबिल बघितल्यासारखा?"

"माझं घर एका नेटोवर चालतं."

"हो, ते आहे," तो म्हणायचा आणि खरंच विचारात पडायचा. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या उन्हाळ्यात त्याचे आईवडील आले. दर उन्हाळ्याला यायचे. वडील पांढरे बूट घालून गावातल्या तळ्याभोवती फेऱ्या मारायचे आणि भेटेल त्या भारतीय माणसाला, "चिरंजीवांनी परवा बोडेन्झे सरोवरावर नेऊन आणलं," असं सांगायचे. एका रविवारी आम्हा दोघांना त्यांनी जेवायला बोलावलं. त्याच्या आईने थालीपीठ वाढता वाढता मला विचारलं, "तुमच्याकडचं कोणी आलं नाही का हो अजून?"

माझ्या आईला तालुक्याला जातानाही एसटीत उलटी व्हायची. मी विचारलं तेव्हा तिने हात जोडले होते आणि म्हणाली होती, "मला नको. काकूंना ने. चार वर्षं त्यांनी तुला जेवू घातलं." ते मी थालीपीठ खाताना कुठे सांगत बसू? पण तोंडातून निघून गेलं, "येणार आहेत. काकू."

"सख्ख्या?"

"मेसच्या."

"मेसच्या म्हणजे?" वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवून विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "वा, कौतुक आहे," आणि पुन्हा बोडेन्झेवर गेले. मित्राची आई मात्र माझ्या ताटात न विचारता अजून एक थालीपीठ टाकून गेली. त्याच्या गाडीचं मला एवढं वाटलं नव्हतं जेवढं त्या एका थालीपिठाचं वाटलं. याला हे बारा महिन्यांतले तीन महिने मिळतं, तेही विमानातून उतरून स्वयंपाकघरात उभं असलेलं.

शरदात मी गाडीवर सही केली. स्वतःला कारण चांगलं दिलं होतं. मे महिन्यात काकूंना बोलवायचं, तेव्हा निम्मे मेंबर गावी असतात. गाडीत बसवून त्यांना हॅनोव्हरला न्यायचं आणि मेन्सा दाखवायची. त्यांच्या गुडघ्यांना रेल्वेचे जिने झेपणार नव्हते. डॉक्टरांनी पुढच्या पावसाळ्यानंतर ऑपरेशनचं बोलून ठेवलं होतं आणि काकू म्हणत होत्या, "एकदा पाय कापला की मी कुठं जात नाही." म्हणजे हा एकच मे. गाडी मी काकूंसाठीच घेतली, हे खरं आहे. ती तशीच रुपेरी आणि तशीच लांब का घेतली, याच्याशी मात्र काकूंचा काही संबंध नव्हता.

फेब्रुवारीत मी आउसलेंडरबेहोर्डेत गेलो. परदेशी लोकांचे कागद बघणारी ती कचेरी. पाहुण्याला व्हिसा हवा तर इथल्या कोणीतरी लिहून द्यावं लागतं की पाहुण्याचा सगळा खर्च, आजारपणासकट, मी सोसेन. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या दाखवायच्या. टेबलामागच्या बाईंनी त्या एकीवर एक ठेवल्या, सगळ्यांत खालची ओळ बघितली, माझं भाडं विचारलं, बायको कमावते का विचारलं, आणि मान हलवली.

"नेटो कमी पडतो."

"पण पगार कमी नाहीये. वर बघा. हे पेन्शनमध्ये जातं, हे गाडीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "जातं. पाहुणी आजारी पडली तर हॉस्पिटल गाडी घेत नाही."

रागावून बोलल्या नाहीत. पावत्या सरळ करून परत दिल्या आणि म्हणाल्या, "नेटो वाढला की या."

मला तेव्हाही काळजी वाटली नाही. मी शेफिनकडे गेलो आणि सांगितलं की काकूंच्या व्हिसासाठी मला तीन महिने सगळं थांबवायचं आहे. मेनंतर पुन्हा सुरू करू. मी आधी सांगतोय, हेही वर सांगितलं, जणू त्यातच माझा हक्क होता.

त्यांनी चष्मा काढला. "कुपनं पुढच्या महिन्यापासून थांबवते. पेन्शनचं विमा कंपनीला विचारते, बहुतेक होईल. गाडी कशी थांबवू?"

"मी ती वापरणार नाही. इथे उभी करतो."

"तुम्ही वापरा की नका वापरू, लीज तीन वर्षांची आहे. तुम्ही सही केली त्या कागदावर आहे ते. तुम्हाला कोणी सांगितलं की मध्येच थांबवता येतं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. जर्मनमध्ये खाड्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काय सांगणार होतो? चष्मा पुन्हा लावत त्या म्हणाल्या, "सही करताना काकूंबद्दल बोलला असतात तर मी तुम्हाला गाडी घेऊ दिली नसती." आणि पुढे, "या गाड्या, ही कुपनं, यामुळे या वर्षी कोणाला घरी पाठवावं लागलं नाही. तुम्हालाही नाही. ही व्यवस्था मी मोडू शकत नाही." त्यांचं बरोबर होतं. हिशेब पुन्हा केला. कुपनं आणि पेन्शन सोडूनही नेटो कचेरीतल्या बाईंना हवा होता तिथपर्यंत पोहोचत नव्हता.

दुपारी मी आणि मित्र कोपऱ्यावरच्या बेकरीत कुपनांवर जेवायला गेलो. त्याने माझा चेहरा बघून विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्याने चीज लावलेला पाव अर्धा खाली ठेवला.

"अरे, मग हिच्या पगारावर करू की. हिने काहीच बदलून घेतलेलं नाही. मी तिन्ही घेतली ना, म्हणून हिचा नेटो आम्ही सरळ ठेवलाय. आईबाबांचा व्हिसा दर वर्षी हिच्याच कागदावर होतो. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याची गाडी बघितली होती, त्याच्यामागचा वहिनींचा पगार बघितला नव्हता. मी बघून बघून उत्तर उतरवलं होतं आणि वरचं गणित उतरवायचं राहिलं होतं.

"बघतो," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? मे येईल."

संध्याकाळी गाडी चालवत घरी आलो. पाच मिनिटांचा रस्ता होता, पण मी गावाला वळसा घालून आलो. काकू माझ्या. त्यांचे जून दोडके मी खाल्ले. आणि त्यांना बोलावणार कोण, तर ज्याला जन्मात कधी कोणाच्या जेवणानंतर जेवावं लागलं नाही तो. त्याला आई होती, वडील होते, गाडी होती, बायकोचा नेटो होता. आता माझ्या काकूही त्याच्याच खात्यावर येणार.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती भांडी पुसत होती. "अहो, काकू येणं महत्त्वाचं की कागदावर नाव कोणाचं ते?"

"नाव."

"मग मे महिन्यात गाडीलाच जेवायला बोलवा. तिच्यावर तरी तुमचं नाव आहे." मग फडकं वाळत घालत म्हणाली, "तिच्यावर पण नाही म्हणा. कंपनीचं आहे."

मी हसलो नाही. तीही हसली नाही. भांडी फळीवर लावत ती म्हणाली, "काकूंनी तुम्हाला वाढताना विचारलं होतं का, हे पीठ कोणाच्या नावावर आलंय?"

दुसऱ्या दिवशी मी मित्राला हो म्हणालो. शुक्रवारी वहिनींनी अर्धा दिवस रजा काढली आणि आम्ही दोघं त्याच कचेरीत गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, वहिनींच्या पावत्यांची खालची ओळ बघितली आणि लगेच शिक्का काढला. पाहुणी तुमची कोण, असं विचारल्यावर वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "यांच्या काकू. आमच्या ओळखीच्या." बाहेर आल्यावर त्यांनी नवऱ्याला फोन लावला, "झालं रे, आपल्या काकूंचं काम." ते 'आपल्या' मला दिवसभर बोचलं. मी त्यांचे आभार मानले ते मनापासून होते, आणि बोचलं तेही खरंच.

कागद काकूंना पाठवायचा होता, बरोबर पत्र लागणारच होतं. हे फोनवर अर्ध्या मिनिटात सांगण्यासारखं नव्हतं. कॉलेजच्या सवयीने मी आधी कच्चं लिहिलं आणि मग पक्कं. कच्चं माझ्याकडे राहिलं ते असं:

काकू,

नमस्कार. हे पत्र बसून वाचा, कढईपाशी उभ्याने नको.

सोबत जाड कागद आहे. तो जपा, त्याला तेलाचा हात लागू देऊ नका. त्यावर शिक्का आहे तसाच मुंबईला व्हिसाच्या कचेरीत दाखवायचा. दादा तुमच्याबरोबर येईल, त्याला मी सांगितलंय.

कागदावर माझं नाव नाही, एका बाईंचं आहे. त्या म्हणजे माझ्या मित्राची बायको. मुंबईला विचारतील, बोलावलंय कोणी? त्यांचं नाव सांगा. उतरणार कोणाकडे? माझ्याकडे. ही कोण लागते? ओळखीची. आणि तो, म्हणजे मी? तिथे काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला ते इथल्या कोणत्याही भाषेत नीट सांगता आलं नाही.

माझं नाव का नाही, तर मी पगाराचा खाडा घेतला होता. मला वाटलं आपल्यासारखाच असतो, हवा तेव्हा धरायचा आणि सोडायचा. इथे एकदा धरला की तीन वर्षं सुटत नाही. तुम्ही म्हणाल, आधी विचारायचं नाही का रे. विचारायला पाहिजे होतं. शेजारच्याच्या ताटात बघून मी मागितलं.

तो शेजारचा माणूस चांगला आहे. तुम्ही आलात की त्याच्या घरी एकदा जावं लागेल. त्याची आईही तेव्हा येणार आहे. त्यांच्या हाताला चव आहे, थालीपीठ चांगलं करतात. तसं तुम्ही त्यांना सांगा, माझ्यासमोर सांगू नका. आणि त्यांच्याकडे राहायचा आग्रह होईल, राहायचं नाही. तुमची गादी आमच्याकडे घातलेली आहे. सूनबाईने खोली आवरून ठेवली आहे, गरम पाण्याची पिशवीही आणली आहे गुडघ्यांसाठी.

आल्यावर चार दिवस विश्रांती. मग गाडीने हॅनोव्हर. गाडीत पाय लांब करता येतात, मी बसून बघितलंय. मेन्सा दुपारी उघडते. त्या बायकांशी मी बोलून घेईन, आत जाऊन बघू देतील का ते. तुम्ही त्यांना काही शिकवायला जाऊ नका.

मेंबरांना आत्ताच सांगून ठेवा. तुम्ही इतक्या वर्षांत कधी खाडा घेतला नाही आणि मला कधी मिळाला नाही. या मेमध्ये एक महिन्याचा धरा, दोघांचा मिळून. इथली भाजी मीच आणतो.